मार्टिन ल्यूथर आणि पतितांस हाती धरणारा देव

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांच्या भेटीस जात असता दोन प्रश्न वारंवार समोर येतात. पहिला बाहेरच्या लोकांचा. चावडीवर किंवा आठवड्याच्या बाजारी शेजारी विचारतात की, तुमच्या शास्त्रातले हे भक्त कसले? एक द्राक्षारस पिऊन आपल्या तंबूत उघडा पडला, एकाने आंधळ्या बापास फसविले, एका राजाने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्यास लढाईत मारविले. असल्यांस तुम्ही संत म्हणता काय? दुसरा प्रश्न आतल्यांचा आहे, आणि तो कोणी मोठ्याने विचारीत नाही. बाप्तिस्मा घेऊन दहा वर्षे लोटलेला मनुष्य पुन्हा दारूस शिवतो, किंवा भावकीच्या तंट्यात खोटी साक्ष देतो. मग प्रभुभोजनाच्या दिवशी तो मागच्या मागे उठून निमूटपणे घरी निघून जातो. आपले सर्व फुकट गेले असे त्यास वाटते. आणि खरे बोलावयाचे तर उपदेशकाच्या मनासही हा घोर कधी कधी लागतो की, माझे स्वतःचे अंतःकरण असे असता मी दुसऱ्यास काय शिकवावे?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते उत्तर ज्याने आपल्या जिवाची मोठी तळमळ सोसून पवित्र शास्त्रातून शोधून काढिले, त्या मार्टिन ल्यूथरचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहे. त्याचे गुण तेवढे सांगून दोष झाकण्याचा विचार नाही. तसे केल्यास त्याने जे शिकविले त्याच्या उलट आपण वागू.

ल्यूथरचा जन्म जर्मनीतील आइसलेबेन या गावी १० नोव्हेंबर १४८३ रोजी झाला. त्याचे घराणे मूळचे शेतकऱ्यांचे. बाप हान्स हा तांब्याच्या खाणीच्या धंद्यात पडून कष्टाने वर आला होता, आणि मुलाने कायदा शिकून मोठे व्हावे अशी त्याची इच्छा होती. त्याप्रमाणे ल्यूथर १५०१ साली एर्फुर्टच्या विद्यापीठात गेला व १५०५ साली तेथील उच्च पदवी त्याने मिळविली. परंतु त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात रस्त्याने येत असता भयंकर वादळाने त्यास गाठिले. जवळच वीज पडली. मरणाच्या भीतीने त्याने संत अॅनाचा धावा करून आपण संन्यास घेऊ असा नवस केला, आणि पंधरा दिवसांच्या आत तो एर्फुर्ट येथील ऑगस्टीनच्या पंथाच्या मठात दाखल झाला. बाप अतिशय रागावला, पण मुलाने नवस मोडिला नाही.

मठात गेला तो शांती मिळविण्यासाठी, पण ती त्यास तेथे मिळाली नाही. उपास, जागरणे, प्रार्थना, कडाक्याच्या थंडीत शरीरास दिलेले कष्ट, यांपैकी काही त्याने बाकी ठेविले नाही. तो तासन्‌तास पापे कबूल करीत बसे, आणि उठून बाहेर पडतो न पडतो तोच विसरलेले आणखी एखादे पाप आठवून परत येई. त्याचा वरिष्ठ योहान स्टाउपिट्झ हा मोठा समजूतदार मनुष्य होता. त्याने त्यास पुष्कळदा समजाविले की, स्वतःच्या अंतःकरणात असे खोदत बसू नकोस. ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा. त्या वेळी हे शब्द ल्यूथरच्या कानांपर्यंत पोहोचले, पण अंतःकरणात उतरले नाहीत. देव नीतिमान आहे, म्हणजे तो मला शिक्षा करणार, एवढाच त्याचा अर्थ त्यास कळत होता.

स्टाउपिट्झच्या आग्रहाने तो व्हिटेनबर्गच्या विद्यापीठात शिकवू लागला व १५१२ साली शास्त्राचा डॉक्टर झाला. आता पवित्र शास्त्र समजावून सांगणे हेच त्याचे काम झाले. प्रथम त्याने स्तोत्रसंहिता घेतली आणि १५१५ साली रोमकरांस पत्र हाती घेतले. त्या पत्राच्या पहिल्या अध्यायात देवाचे नीतिमत्त्व सुवार्तेत प्रगट होते असे पौल सांगतो. या शब्दांशी ल्यूथर रात्रंदिवस झगडत राहिला. शेवटी त्यास उमगले की, ज्या नीतिमत्त्वाने देव पाप्यास शिक्षा करितो त्याविषयी पौल येथे बोलत नाही. जे नीतिमत्त्व देव ख्रिस्ताकरिता पाप्यास फुकट देतो व विश्वासाने ज्याचा स्वीकार होतो, त्याविषयी बोलतो. पुढे म्हातारपणी ल्यूथरने लिहून ठेविले आहे की, हे समजताच आपला जणू नवा जन्म झाला व स्वर्गाची दारे आपल्यापुढे उघडली.

याच पत्रावर शिकविताना त्याने एक दृष्टांत दिला. तो आपल्या लोकांस सहज समजेल असा आहे. एक मनुष्य आजारी आहे. वैद्याने येऊन नाडी पाहिली आणि तू खात्रीने बरा होशील असे वचन दिले. रोग्याने त्या वचनावर भरवसा ठेवून पथ्य धरिले. आता हा मनुष्य आजारी म्हणावा की बरा? अंगात ताप आहे तोवर तो आजारीच आहे. परंतु वैद्याने त्यास आपल्या हाती घेतले आहे व त्याचे वचन खोटे ठरणारे नाही, म्हणून तो बराही आहे. ख्रिस्ती मनुष्याची हीच स्थिती आहे, असे ल्यूथर सांगे. स्वतःकडे पाहिले तर तो पापी, ख्रिस्ताकडे पाहिले तर नीतिमान. आणि मरेपर्यंत तो एकाच वेळी दोन्ही असतो.

यापुढचा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. त्या काळी रोम येथील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी म्हणून क्षमापत्रे विकली जात होती. पैसे द्यावे व पापाच्या शिक्षेतून सुटका घ्यावी, असा तो व्यापार. त्याविरुद्ध ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी पंचाण्णव विधाने पुढे मांडिली. त्यांतील पहिलेच विधान असे की, विश्वासणाऱ्याचे सर्व आयुष्यच पश्चात्तापाचे असावे अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. १५२१ च्या आरंभी पोपने त्यास मंडळीबाहेर घातले. एप्रिल महिन्यात वर्म्स येथे बादशहा पाचवा चार्ल्स व जर्मनीतील राजेरजवाडे यांच्यासमोर त्यास उभे करून आपली पुस्तके खोटी म्हणण्यास सांगण्यात आले. शास्त्राच्या आधाराने चूक दाखविल्यावाचून आपण शब्द मागे घेणार नाही, असे त्याने निक्षून सांगितले. तेव्हा त्याच्या सॅक्सनीच्या राजाने त्यास वाटेत पकडल्याचे सोंग करून वार्टबर्गच्या गडावर लपवून ठेविले. तेथे सुमारे अकरा आठवड्यांत त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. ते १५२२ च्या सप्टेंबरात छापून निघाले. संपूर्ण पवित्र शास्त्र १५३४ साली प्रसिद्ध झाले.

या गडावरूनच १५२१ साली त्याने आपला मित्र फिलिप मेलांख्थोन यास एक पत्र पाठविले. त्यातील मुद्दा असा की, देव खोट्याखोट्या पाप्यांचे तारण करीत नाही, खऱ्याखुऱ्या पाप्यांचे करितो. म्हणून आपले पाप लहान करून दाखवू नये, ते आहे तेवढे मानावे व त्याहून मोठा असा जो ख्रिस्त त्यास बिलगावे. या पत्रातील एक वाक्य तेवढेच उचलून ल्यूथरने पाप करण्यास मोकळीक दिली, असे पुष्कळ लोक आजवर म्हणत आले आहेत. त्याने खरोखर काय शिकविले ते पुढे येईलच.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. ल्यूथरच्या काळी संतांच्या कथांची पुस्तके घरोघर वाचली जात. त्यांत संत जन्मापासून निर्दोष, चमत्कार करणारे, मोहाचा वारा न लागलेले असे रंगविलेले असत. ल्यूथर म्हणे की, असल्या कथांत संतांनी काय केले ते दिसते, त्यांचे अंतःकरण मात्र दिसत नाही. पवित्र शास्त्राची रीत निराळी आहे. ते अंतःकरण उघडे करून दाखविते.

१५३५ पासून १५४५ पर्यंत, म्हणजे आयुष्याची शेवटची दहा वर्षे, ल्यूथर उत्पत्तीच्या पुस्तकावर व्याख्याने देत होता. तो नोहापाशी आला. जलप्रलयातून वाचलेला हा नीतिमान मनुष्य द्राक्षांचा मळा लावितो आणि पिऊन बेशुद्ध पडतो. ही लाजिरवाणी गोष्ट पवित्र आत्म्याने का लिहून ठेविली असावी? दुबळ्यांच्या समाधानासाठी, असे उत्तर ल्यूथर देतो. आपल्या दोषांनी खचून गेलेल्यांस कळावे की, मोठमोठे भक्तही पडले व देवाने त्यांस टाकून दिले नाही. यहूदाने आपल्या सुनेशी, तामारेशी, जे केले ते वाचताना आपण मान खाली घालितो. पण मत्तयाने प्रभूची वंशावळी लिहिताना त्याच यहूदाचे व तामारेचे नाव गाळिले नाही. उरीयाची बायकोही त्या वंशावळीत आहे. ल्यूथर दाखवून देतो की, पाप्यांचे तारण करावयास आलेल्याने पाप्यांच्याच कुळात जन्म घेणे पसंत केले.

दाविदाविषयीही असेच. एकावन्नाव्या स्तोत्रावर ल्यूथरने १५३२ साली व्याख्याने दिली. दाविदाने एका रात्री एक चूक केली एवढ्यावर हे स्तोत्र थांबत नाही, असे तो सांगतो. त्या एका पडण्यातून दाविदास आपल्या सर्व स्वभावाचे मूळ दिसले. पापाचे झाड फांदीशी नव्हे, मुळाशीच कीडलेले आहे हे त्यास कळले, आणि म्हणून क्षमेवाचून दुसरा आधार त्यास उरला नाही. गलतीकरांस पत्राच्या विवेचनात ल्यूथर पेत्राकडे पाहतो. ज्याने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा प्रभूस नाकारिले, तोच पुढे मंडळीचा खांब झाला. आणि खांब झाल्यावरही अंत्युखियात लोकांच्या भीतीने तो मागे सरला व पौलाने त्यास तोंडावर दोष दिला. यातून ल्यूथर दोन धडे घेतो. पेत्र पडला, तर मीही पडू शकेन, म्हणून गर्व नको. पेत्र उठला, तर मीही उठेन, म्हणून निराशा नको.

मग देव असल्या माणसांकडून आपले काम कसे करून घेतो? १५२५ साली लिहिलेल्या एका ग्रंथात ल्यूथरने याविषयी साधी उपमा दिली आहे. सुताराच्या हाती धारेला खांडे पडलेली कुऱ्हाड असली तर लाकूड वेडेवाकडे तुटते. सुतार निष्णात आहे. दोष कुऱ्हाडीचा आहे. स्वार उत्तम असला व घोडा लंगडा असला, तर चाल लंगडीच पडते. देव कधी रिकामा बसत नाही. तो आपल्या जगात जशी हत्यारे आहेत तशी हाती घेऊन काम चालवितो. कामात जे वाईट दिसते ते हत्याराचे, आणि त्यातूनही जे चांगले निपजते ते त्याचे. योसेफाच्या भावांनी त्यास विकिले ते द्वेषाने. देवाने त्यातूनच दुष्काळात पुष्कळांचे प्राण वाचविले. म्हणून भावांचा द्वेष पुण्य ठरला नाही, आणि देवाचा हेतूही बुडाला नाही.

तर शेजाऱ्यास उत्तर हे. आमच्या शास्त्रात भक्तांचे दोष लिहिले आहेत, कारण ते पुस्तक त्या भक्तांची स्तुती गाण्यासाठी लिहिलेले नाही. दवाखान्यात रोगी दिसले म्हणून कोणी वैद्याची निंदा करीत नाही.

परंतु यावरून कोणी असे समजू नये की, पडणे काही मोठी गोष्ट नाही. ल्यूथरच्या हयातीतच असा घोटाळा माजला. त्याच्याच मंडळीतला योहान आग्रिकोला शिकवू लागला की, ख्रिस्ती लोकांस आता नियमशास्त्र ऐकविण्याचे कारण नाही, सुवार्ता तेवढी पुरे. १५३७ पासून ल्यूथरने त्याच्याशी जाहीर वाद केला. रोगीच नाही म्हटल्यावर वैद्यास कोण बोलावील? दाविदास क्षमा मिळाली ती नाथानाने बोट दाखवून तो मनुष्य तूच आहेस असे सुनाविल्यावर मिळाली, आधी नव्हे. आणि क्षमा मिळाल्यावरही त्याचे मूल गेले व त्याच्या घरातली तलवार हालली नाही. कृपेने पाप पुसले जाते. पापाचे नाव बदलून पुण्य ठेवण्याचे काम कृपा करीत नाही.

उपदेशकांनी ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट येथे सांगतो. १५२८ च्या सुमारास ल्यूथर व त्याचे सोबती सॅक्सनीच्या खेड्यांतील मंडळ्या तपासण्यास निघाले. जे पाहिले त्याने ल्यूथरचे मन पोळून निघाले. लोक बाप्तिस्मा घेतलेले, प्रभुभोजनास येणारे, पण दहा आज्ञा, विश्वासांगीकार व प्रभूची प्रार्थनादेखील त्यांस येत नव्हती. आणि कित्येक पाळकांस शिकविता येत नव्हते. सुधारणेस दहा वर्षे झाली होती, तरी खेड्यांत हा अंधार! ल्यूथर चिडला, पण त्या लोकांस त्याने टाकून दिले नाही. घरोघरच्या मायबापांस मुलांना शिकविता यावे म्हणून त्याने लहान प्रश्नोत्तरावली लिहिली. ती १५२९ साली निघाली. ती आजही जगभर शिकविली जाते. अडाणी मंडळ्या पाहून रडण्याच्या दिवसांतूनच हे पुस्तक जन्मास आले.

आता सर्वांत कठीण भाग. हा मनुष्य स्वतः कसा होता? १५२५ च्या जून महिन्यात त्याने मठ सोडून आलेल्या कातरीना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. त्यांस सहा मुले झाली. त्यांपैकी एलिजाबेथ एक वर्षाची होण्याआधीच गेली, आणि लाडकी माग्दालेना १५४२ साली तेरा वर्षांची असता बापाच्या हातांवर मरण पावली. त्याचे घर विद्यार्थी, पाहुणे व निराधार यांनी सदा भरलेले असे. तो उदार होता, मायाळू होता, निर्भय होता. पण त्याचा राग भयंकर होता, आणि रागात त्याची लेखणी तलवारीसारखी चाले.

१५२५ सालीच जर्मनीत शेतकऱ्यांचे बंड झाले. त्यांच्या पुष्कळ तक्रारी न्यायाच्या होत्या, हे ल्यूथरने आरंभी कबूल केले होते व जमीनदारांस दोष दिला होता. पण दंगे व रक्तपात सुरू होताच त्याने राजांस लिहिले की, बंडखोरांस मिळेल तेथे कापून काढावे. मे महिन्यात फ्रांकेनहाउझेन येथे हजारो शेतकरी कापले गेले. शेतकऱ्यांच्या कुळातल्या माणसाने शेतकऱ्यांविषयी असे लिहिले, हे वाचताना खेड्यातल्या वाचकाचे काळीज हलल्यावाचून राहणार नाही. पुढे हेसचा राजा फिलिप याने पहिली बायको जिवंत असता दुसरी करण्याविषयी विचारिले, तेव्हा १५३९ च्या डिसेंबरात ल्यूथर व मेलांख्थोन यांनी त्यास गुप्तपणे संमती दिली. १५४० साली लग्न झाले, बोभाटा झाला, आणि ही गोष्ट साफ नाकारावी अशीच सल्ला ल्यूथरने दिली.

याहूनही वाईट ते १५४३ साली घडले. यहुदी लोकांची सभास्थाने जाळावी, घरे पाडावी, त्यांची पुस्तके हिरावून घ्यावी, असे त्याने एका पुस्तकात लिहिले. तरुणपणी, १५२३ साली, त्यानेच त्या लोकांशी ममतेने वागावे असा उपदेश केला होता. चारशे वर्षांनंतर जर्मनीत नाझी लोकांनी यहुद्यांचा संहार केला, तेव्हा या पुस्तकाचा त्यांनी उपयोग करून घेतला. ल्यूथरच्या नावाने चालणाऱ्या मंडळ्यांनी पुढे ही वचने उघडपणे टाकून दिली. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन मंडळीने १९९४ साली जाहीरनामा काढून त्याबद्दल दुःख प्रगट केले व यहुदी लोकांविषयी प्रेमाने वागण्याचा निश्चय सांगितला. त्यांनी योग्यच केले. ज्याने संतांची खोटी चरित्रे नाकारिली, त्याचे चरित्र खोटे करणे हा त्याचा मान नव्हे.

मग देवाने असल्या माणसाच्या हातून सुवार्तेचा दिवा कसा पेटविला? नोहा, याकोब, दावीद व पेत्र यांच्याविषयी त्याने जे सांगितले, तेच त्यास लागू करावे. कुऱ्हाडीस खांडे होती, आणि तिच्या घावांनी माणसे घायाळ झाली. तो दोष कुऱ्हाडीचाच. तरी सुताराने तिच्याकडून काम करून घेतले. ल्यूथरने दिलेले शास्त्र व त्याने दाखविलेली कृपा आपण देवाचे दान म्हणून घ्यावी. त्याचे द्वेषाचे शब्द पाप म्हणूनच ओळखावे आणि घेऊ नयेत.

१५४६ च्या जानेवारीत मान्सफेल्डच्या सरदारांतील भावकीचा तंटा मिटविण्यासाठी, प्रकृती ढासळलेली असताही, ल्यूथर भर हिवाळ्यात आइसलेबेन येथे गेला. तंटा मिटला, पण तो परत आला नाही. ज्या गावी जन्मला त्याच गावी १८ फेब्रुवारी १५४६ रोजी त्याने देह ठेविला. मरणाच्या दोन दिवस आधी त्याने एका चिठ्ठीवर काही ओळी लिहिल्या होत्या. जन्मभर शास्त्र शिकविलेल्या त्या पंडिताने तीत म्हटले आहे की, शास्त्राची गोडी पुरती चाखिली असे कोणी समजू नये. आणि शेवटी, आपण सारे भिकारी आहो, हे खरे, अशा अर्थाचे शब्द आहेत. चाळीस वर्षांपूर्वी मठात तो पुण्याची पोतडी भरू पाहत होता. मरताना हात रिकामे होते, आणि रिकामे असल्यामुळेच ते पुढे पसरिता आले.

प्रभुभोजनाच्या दिवशी मागच्या मागे उठून जाणाऱ्या बंधू, हे चरित्र तुझ्यासाठी आहे. तू खोटी साक्ष दिली असशील तर जा, ती मागे घे, आणि ज्याचे नुकसान केले त्याचे भरून दे. जक्कयाने तसेच केले. दारूने पुन्हा गाठिले असेल तर पाळकास सांग, लपवू नकोस. पण घरी निघून जाऊ नकोस. ते मेज निरोग्यांसाठी मांडिलेले नाही. आणि उपदेशक बंधूंनो, सभेत दाविदाची गोष्ट वाचाल तेव्हा बथशेबेचा अध्याय गाळू नका, नाथानाचा गाळू नका, आणि एकावन्नावे स्तोत्रही गाळू नका. तिन्ही वाचा. आपल्यासारख्या खांडे पडलेल्या हत्यारांसही जो हाती धरितो, तो प्रभू आपल्यास लीनतेत व आशेत राखो.